यवतमाळचा काळा दगड आणि पृथ्वीचे चुंबकत्व

यवतमाळ जिल्ह्याच्या बहुतेक भागांत विहीर खणायला घेतली, की आधी काळी माती लागते, मग मुरूम लागतो आणि त्याखाली काळा कातळ लागतो. घरांची जोती, विहिरींचे बांधकाम, देवळांचे चौथरे, रस्त्यावरची गिट्टी या सर्वांसाठी आपण हाच दगड वापरत आलो आहोत. कापूस आणि तूर पिकविणारी काळी जमीनही याच दगडाची झीज होऊन तयार झाली. भूगोलाच्या पुस्तकात त्याचे नाव बेसाल्ट असे दिलेले असते. लाव्हारस थंड होऊन तो झाला, एवढी माहिती शाळेतच मिळते आणि बहुधा तिथेच थांबते.

या दगडाचा आणखी एक गुण आहे. तो थंड झाला त्या वेळी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ज्या दिशेला होते, ती दिशा त्याने आपल्या कणांत जपून ठेवलेली असते. ही दिशा प्रयोगशाळेत वाचता येते. दख्खनच्या दगडांतील दिशा वाचल्यावर दोन गोष्टी कळल्या. एक, हा दगड घडला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. दुसरी, त्या काळातील मोठ्या कालखंडात होकायंत्राच्या सुईचे उत्तर टोक दक्षिणेकडे वळले असते. भूमी सरकते का आणि चुंबकीय क्षेत्र उलटते का, हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच साधी प्रक्रिया आहे, आणि ती म्हणजे अभिसरण. पृथ्वीच्या पोटात दोन थरांत दोन वेगांनी चालणारे हे अभिसरण आपल्या पायाखालच्या दगडात कसे नोंदले गेले आहे, हे पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे.

दगडाची घडण

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राच्या आणि शेजारच्या प्रदेशांच्या भूमीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून लाव्हारस बाहेर आला. शंकूच्या आकाराच्या ज्वालामुखी पर्वतातून उसळणारा असा हा प्रकार नव्हता. पातळ रस भेगांतून वर येई, दूरवर पसरे आणि थिजे. त्यावर काही काळाने दुसरा थर येई. असे थरावर थर बसले. सह्याद्रीत या थरांची एकत्रित जाडी दोन किलोमीटरांहून अधिक भरते. पूर्वेकडे ती कमी कमी होत जाते. आपला जिल्हा या दख्खन पठाराच्या पूर्व कडेला आहे. म्हणूनच वणी–राजूर भागात काळ्या दगडाचे पांघरूण संपून त्याहून कितीतरी जुने असे चुनखडक आणि कोळशाचे थर उघडे पडलेले दिसतात. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या लाव्हाच्या थरांनी व्यापलेला आहे.

झरी जामणी तालुक्यातील शिबला–पार्डी परिसरात २०२१ मध्ये रस्त्याच्या कामासाठी खोदकाम चालू असताना एकमेकांना लागून उभे असलेले, बहुधा सहा बाजूंचे दगडी खांब उघडे पडले. कोणी कारागिराने घडवून ठेवल्यासारखे ते दिसतात. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवरही असे खांब आहेत. लाव्हाचा जाड थर सावकाश थंड होतो तेव्हा तो आकसतो. आकसताना त्याला ठरावीक अंतरावर भेगा पडतात आणि त्या खोलवर जाऊन खांब सुटे होतात. तळे आटल्यावर चिखलाला भेगा पडून खपल्या होतात, तसाच हा प्रकार आहे. खांबांचा आकार डोळ्यांना दिसतो. त्याच थंड होण्याच्या काळात दगडात जी दुसरी नोंद झाली ती मात्र डोळ्यांना दिसत नाही.

दगड दिशा कशी लक्षात ठेवतो?

आपल्या भागातील ओढ्याच्या वाळूत साधा चुंबक फिरवून पाहावा. चुंबकाला बारीक काळे कण चिकटतात. हे मुख्यतः मॅग्नेटाइट नावाच्या लोहखनिजाचे कण असतात आणि ते काळ्या दगडाची झीज होऊनच वाळूत आलेले असतात. दगडात त्यांचे प्रमाण थोडे असते, पण त्यांच्यामुळेच दगडाला स्मरणशक्ती येते.

लाव्हारस भूपृष्ठावर येतो तेव्हा त्याचे तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सिअस असते. एवढ्या उष्णतेत कोणताही पदार्थ चुंबक म्हणून टिकत नाही. प्रत्येक चुंबकीय पदार्थाला एक ठरावीक तापमान असते. त्याच्या वर गेल्यास त्याचे चुंबकत्व नाहीसे होते. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर क्यूरी यांच्या नावावरून त्याला क्यूरी तापमान म्हणतात. शुद्ध मॅग्नेटाइटसाठी ते ५८० अंशांच्या आसपास असते. दगड थंड होत होत या तापमानाच्या खाली आला, की त्यातील कण त्या क्षणी असलेल्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने चुंबकित होतात आणि आणखी थंड झाल्यावर ती दिशा पक्की होते. पुढे क्षेत्र बदलले तरी दगडातील नोंद सहसा बदलत नाही. भाजलेल्या विटा, मातीची भांडी आणि जुन्या भट्ट्यांच्या भिंती यांतही हेच घडते. म्हणून पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनाही या पद्धतीचा उपयोग होतो.

ही दिशा दोन कोनांनी सांगतात. चुंबकसूची खऱ्या उत्तरेपासून पूर्वेला किंवा पश्चिमेला किती वळते तो पहिला कोन, म्हणजे दिक्पात. सूची मोकळी टांगली असता क्षितिजापासून किती वर-खाली झुकते तो दुसरा कोन, म्हणजे नती. नतीचा संबंध अक्षांशाशी आहे. चुंबकीय विषुववृत्तावर सूची आडवी राहते, उत्तरेकडे जावे तसे तिचे उत्तर टोक खाली झुकत जाते आणि चुंबकीय ध्रुवावर ती सरळ उभी राहते. दक्षिण गोलार्धात तेच टोक वर उचलले जाते. हजारो वर्षांची सरासरी घेतली तर नतीची स्पर्शज्या ही अक्षांशाच्या स्पर्शज्येच्या दुप्पट असते. म्हणजे दगडातील नती मोजली, की तो दगड कोणत्या अक्षांशावर घडला हे काढता येते. यवतमाळच्या आजच्या अक्षांशाला, म्हणजे सुमारे साडेवीस अंश उत्तरेला, या हिशेबाने ३७ अंशांच्या जवळपास नती यावयास हवी. आज येथे प्रत्यक्षात ती काहीशी कमी आहे, कारण कोणत्याही एका क्षणी पृथ्वीचे क्षेत्र अगदी आदर्श आकाराचे नसते. म्हणूनच एका दगडावर विसंबून न राहता अनेक थरांचे अनेक नमुने घ्यावे लागतात.

दख्खनच्या दगडांची साक्ष

दख्खनच्या दगडांवर असे काम १९५० नंतरच्या दशकात सुरू झाले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील क्लेग आणि त्यांचे सहकारी डॉइच व ग्रिफिथ्स यांनी भारतातील दगडांच्या चुंबकत्वावरील आपला अभ्यास १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. १९५९ मध्ये डॉइच यांच्यासोबत सी. राधाकृष्णमूर्ती व पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांचा दख्खनच्या थरांवरील निबंध प्रसिद्ध झाला. पुढील दशकांत ही मोजमापे अनेकांनी अनेक ठिकाणी केली.

या मोजमापांतून दख्खनच्या थरांची सरासरी नती ४५ ते ४८ अंशांच्या आसपास येते. या आकड्याचे अक्षांशात रूपांतर केले तर २७ ते २९ अंश असे उत्तर मिळते. परंतु हे अक्षांश उत्तरेचे नाहीत. ज्या थरांत उत्तर टोक उत्तरेकडे वळलेले आहे, त्या थरांत ते वर उचललेले आहे. हे दक्षिण गोलार्धाचे लक्षण आहे. शिवाय ही दिशा नेमकी उत्तरेला नसून पश्चिमेकडे २५ ते ३० अंश वळलेली आहे. याचा अर्थ आपली भूमी दक्षिणेकडून उत्तरेकडे तर आलीच, पण येता येता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वळलीही.

आता साधा हिशेब करून पाहू. सुमारे २७ अंश दक्षिणेपासून २० अंश उत्तरेपर्यंत ४७ अंशांचे अंतर होते. एका अक्षांशाला सुमारे १११ किलोमीटर धरले, तर हे अंतर पाच हजार किलोमीटरांच्या थोडे वर जाते. ते ६ कोटी ६० लाख वर्षांत काटले गेले, म्हणजे वर्षाला सरासरी आठ सेंटिमीटर. हा वेग आपल्या नखांच्या वाढीच्या दुपटीपेक्षा फारसा अधिक नाही. खंड सरकतात हा आल्फ्रेड वेगेनर यांचा १९१२ मधील विचार बराच काळ बहुतेक भूशास्त्रज्ञांनी स्वीकारलेला नव्हता. तो स्वीकारावयास लावणाऱ्या पुराव्यांत दख्खनच्या काळ्या दगडाचाही वाटा आहे, ही गोष्ट आपण आवर्जून लक्षात ठेवावी.

पृथ्वीच्या पोटात काय आहे?

विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० मध्ये, पृथ्वी हाच एक मोठा चुंबक आहे, असे प्रतिपादन केले. होकायंत्राच्या वर्तनाचे हे उत्तम स्पष्टीकरण होते. पण त्यात एक अडचण होती. खाणीत खोल जावे तसे तापमान वाढते. काही दशक किलोमीटर खोलीवरच क्यूरी तापमान ओलांडले जाते. मग पृथ्वीच्या आत कायमचा चुंबक कसा असू शकेल? दुसरीही अडचण होती. कायमच्या चुंबकाचे क्षेत्र स्थिर असते, तर पृथ्वीचे क्षेत्र वर्षानुवर्षे हळूहळू बदलत असते.

पृथ्वीच्या अंतरंगाची खरी माहिती भूकंपांच्या लहरींनी दिली, आणि या कथेचा प्रारंभ भारतात झाला. १२ जून १८९७ रोजी आसामात मोठा भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्याचा तपशीलवार अभ्यास केला आणि भूकंपलहरींचे निरनिराळे प्रकार वेगळे ओळखता येतात हे दाखविले. याच ज्ञानाच्या आधारे त्यांनी १९०६ मध्ये पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचे सिद्ध केले. हा गाभा द्रवरूप असल्याचे हॅरल्ड जेफ्रीज यांनी १९२६ मध्ये दाखविले, आणि त्या द्रवाच्या आतही एक घन गोळा आहे हे डेन्मार्कच्या इंगे लेहमान यांनी १९३६ मध्ये शोधून काढले.

आज आपल्याला ठाऊक असलेले चित्र असे आहे. वर पातळ भूकवच, त्याखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत घन खडकांचे प्रावरण, त्याखाली वितळलेल्या लोखंडाचा बाह्यगाभा आणि मध्यभागी सुमारे १,२२० किलोमीटर त्रिज्येचा घन अंतर्गाभा. बाह्यगाभ्यात लोखंडासोबत निकेल आणि काही हलकी मूलद्रव्ये आहेत. तेथील तापमान ४,००० अंशांहून अधिक आहे. चुंबकत्वाचा उगम येथे आहे. परंतु येथे चुंबक नाही. येथे वाहता, विद्युतवाहक द्रव आहे.

अभिसरण

शाळेत आपण उष्णता पसरण्याचे तीन प्रकार शिकलो: वहन, अभिसरण आणि प्रारण. चुलीवर पातेल्यात आधण ठेवून त्यात तुरीच्या डाळीचे काही दाणे टाकले, तर पाणी उकळू लागल्यावर ते वर-खाली फिरताना दिसतात. तळाचे पाणी तापून हलके होते व वर येते. वरचे त्या मानाने थंड व जड पाणी खाली जाते. उन्हाळ्यात दुपारी काळ्या रानात उठणारी वावटळ हाही तापलेल्या हवेच्या वर जाण्याचाच प्रकार. येथे पदार्थ स्वतः हलतो आणि आपल्याबरोबर उष्णता नेतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मात्र खालून तापविले की अभिसरण सुरू होतेच असे नाही. द्रवाचा घट्टपणा त्याला विरोध करतो आणि उष्णता नुसत्या वहनानेही निघून जाऊ शकते. फ्रान्सचे बेनार यांनी १९०० च्या सुमारास द्रवाच्या पातळ थरावर प्रयोग केले तेव्हा अभिसरणाचे सुबक षट्कोनी कोष तयार झालेले त्यांना दिसले. दिसायला ते शिबल्याच्या खांबांच्या माथ्यांसारखे असले, तरी कारण वेगळे आहे. खांब आकसण्याने झाले आहेत. १९१६ मध्ये लॉर्ड रॅले यांनी अभिसरण केव्हा सुरू होईल याचे गणित मांडले. फिरत्या आणि चुंबकीय क्षेत्रातील द्रवात हे गणित कसे बदलते याचा सखोल विचार सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी केला. त्यांचा या विषयावरील मोठा ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही तो संदर्भासाठी वापरला जातो.

पृथ्वीत अभिसरण दोन ठिकाणी चालते. प्रावरण घन आहे, तरीही प्रचंड तापमानात आणि दीर्घ काळात ते अत्यंत संथपणे वाहते, वर्षाला काही सेंटिमीटर. भूपट्टांचे सरकणे हा या अभिसरणाचाच वरचा भाग आहे; आपला दक्षिणोत्तर प्रवास त्याचाच एक परिणाम. बाह्यगाभ्यातील लोखंड मात्र पाण्याइतके सहज वाहणारे आहे. त्याचा वेग सेकंदाला अर्धा मिलिमीटर असा अंदाज आहे. मुंगीपेक्षाही हा वेग कमी वाटतो, परंतु वर्षाला तो सुमारे १५ किलोमीटर होतो. म्हणजे प्रावरणाच्या लाखपट.

गाभ्यातील अभिसरणाला बळ कोठून मिळते? एक तर गाभा वर प्रावरणाला उष्णता देऊन थंड होत आहे. दुसरे कारण अधिक मनोवेधक आहे. बाह्यगाभ्याच्या तळाशी लोखंड हळूहळू गोठून अंतर्गाभ्यावर जमा होत असते. सरबत अर्धवट गोठले तर आधी पाण्याचा बर्फ होतो आणि उरलेले सरबत अधिक गोड लागते, हा अनुभव सर्वांचा आहे. त्याचप्रमाणे गोठणारे लोखंड हलक्या मूलद्रव्यांना बरेचसे मागे सोडते. ती मिसळलेला तळाचा द्रव हलका होऊन वर चढतो. म्हणजे येथे उष्णतेबरोबर द्रवाच्या घटकांतील फरकानेही अभिसरण चालते.

वाहत्या लोखंडातून चुंबकत्व

सायकलच्या जुन्या डायनॅमोत चुंबक फिरे आणि भोवतालच्या तारेत वीज उत्पन्न होई. चुंबकीय क्षेत्रात विद्युतवाहक हलला की वीज निर्माण होते, हा मायकल फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधलेला नियम. उलटपक्षी वीज वाहू लागली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. औष्णिक वीजकेंद्रातील मोठ्या जनित्रांत सायकलसारखा कायमचा चुंबक नसतो. तेथे विद्युतचुंबक असतो आणि त्याला लागणारी वीज केंद्रातच निर्माण होते. एकदा सुरू झाल्यावर यंत्र स्वतःच स्वतःचा चुंबक जिवंत ठेवते. अट एकच, चाक फिरत राहिले पाहिजे.

गाभ्यातही असेच घडत असावे, अशी कल्पना जोसेफ लार्मर यांनी सूर्याचा व पृथ्वीचा विचार करताना १९१९ मध्ये मांडली. सुरुवातीला बाहेरचे अगदी क्षीण क्षेत्रही पुरते. त्या क्षेत्रातून विद्युतवाहक लोखंड वाहिले, वीज निर्माण झाली, त्या विजेने क्षेत्र वाढविले, वाढलेल्या क्षेत्राने अधिक वीज दिली. शेवटी क्षेत्र इतके प्रबळ होते की तेच द्रवाच्या गतीला आवर घालू लागते, आणि तेथे समतोल साधला जातो. अभिसरण थांबले तर विद्युतरोधामुळे हे क्षेत्र काही दशसहस्र वर्षांत विरून जाईल. प्रत्यक्षात ३४० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतही चुंबकत्वाच्या नोंदी मिळतात. तेव्हा हे यंत्र सतत चालू राहिले आहे, असेच मानावे लागते.

कल्पना सुंदर असली तरी ती लगेच मान्य झाली नाही. थॉमस काउलिंग यांनी १९३३ मध्ये गणिताने दाखवून दिले, की अक्षाभोवती अगदी सममित असे क्षेत्र अशा रीतीने टिकूच शकत नाही. द्रवाची गती पिळलेली, मळसूत्री असली पाहिजे. ही मळसूत्री गती पृथ्वीच्या परिवलनातून मिळते. वर चढणारा आणि खाली येणारा द्रव पृथ्वीच्या फिरण्यामुळे बाजूला ढकलला जातो आणि अक्षाला समांतर असे फिरते स्तंभ तयार होतात. क्षेत्राचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाच्या जवळपास राहतो तो यामुळेच. वॉल्टर एल्सासर आणि एडवर्ड बुलार्ड यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत या सिद्धांताला बळकट पाया दिला.

उत्तरेची दक्षिण

फ्रान्समधील बर्नार्ड ब्रुन यांना १९०६ मध्ये उलट दिशेने चुंबकित झालेला लाव्हाचा थर सापडला. जपानच्या मोतोनोरी मातुयामा यांनी १९२९ मध्ये असे थर ठरावीक काळातले असल्याचे दाखविले. याचा अर्थ पृथ्वीचे क्षेत्रच उलटते. शेवटची उलथापालथ सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाली. अशी उलथापालथ एका दिवसात होत नाही. तिला काही हजार वर्षे लागतात आणि त्या काळात क्षेत्र बरेच दुबळे होते. तिला ठरलेले वेळापत्रक नाही. कधी दोन उलथापालथींत काही लाख वर्षांचेच अंतर असते, तर सुमारे १२ कोटी १० लाख ते ८ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीच्या प्रदीर्घ काळात ती जवळजवळ झालीच नाही.

दख्खनचे लाव्हा ज्या काळात मोठ्या प्रमाणावर बाहेर आले तो काळ एका उलट कालखंडात येतो. हा कालखंड सुमारे ६ कोटी ६४ लाख वर्षांपूर्वी सुरू होऊन सात लाख वर्षांच्या आसपास टिकला. सह्याद्रीतील जाड थरांपैकी पुष्कळसे थर उलट दिशेचे आहेत. एवढे प्रचंड लाव्हाचे पठार बहुतांशी दहा लाख वर्षांच्या आतबाहेरच्या अवधीत तयार झाले असावे, हे १९८० नंतरच्या दशकात ज्या पुराव्यांवरून पुढे आले, त्यांत या उलट दिशेचाही समावेश होता. उलट क्षेत्रामुळे डायनोसॉर नष्ट झाले काय, असा प्रश्न कोणी विचारील. पृथ्वीच्या इतिहासात शेकडो उलथापालथी झाल्या आणि त्यांच्याबरोबर जीवसृष्टी नष्ट झाल्याचे दिसत नाही. त्या संहाराची कारणे उल्कापातात आणि दख्खनच्या उद्रेकांतच शोधली जातात.

उलथापालथ का होते? बाहेरून कोणी ढकलावे लागत नाही. डायनॅमोची समीकरणे दोन्ही दिशांना सारखीच लागू पडतात. अभिसरणाच्या अनियमित प्रवाहांत एखादे वेळी उलट दिशेचे क्षेत्र वरचढ ठरते. ग्लॅट्झमायर आणि रॉबर्ट्स यांनी १९९५ मध्ये संगणकावर गाभ्याचे गणित चालविले, तेव्हा त्या गणितात क्षेत्र आपोआप उलटल्याचे दिसून आले.

इतर ग्रहांकडे पाहता

एका ग्रहावरून नियम सांगता येत नाही. सुदैवाने अवकाशयानांनी आपल्याला इतर ग्रहांची माहिती दिली आहे. मंगळाला आज सर्वव्यापी चुंबकीय क्षेत्र नाही. पण १९९७ मध्ये तेथे पोचलेल्या मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाला जुन्या खडकांत प्रबळ चुंबकत्व आढळले. म्हणजे तेथेही एके काळी डायनॅमो होता. तो सुमारे चारशे कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास बंद पडला. मंगळाच्या गाभ्यात आजही वितळलेले लोखंड आहे. नुसते वितळलेले लोखंड पुरेसे नसते, ते वाहिले पाहिजे.

शुक्राचे उदाहरण याहून बोलके आहे. आकाराने तो पृथ्वीचा जुळा भाऊ, तरी त्याला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र नाही. तो फार हळू फिरतो, २४३ दिवसांत एकदा, हे कारण पूर्वी सांगितले जाई. परंतु ५९ दिवसांत एकदा फिरणाऱ्या छोट्या बुधाला क्षीण का होईना, क्षेत्र आहे. मरीनर १० यानाने ते १९७४ मध्ये शोधले. मग शुक्राला का नाही? आज अधिक पटणारे कारण असे, की शुक्रावर भूपट्टांची हालचाल दिसत नाही. वरचे झाकण घट्ट बसल्यामुळे प्रावरण नीट थंड होत नाही, म्हणून गाभ्याची उष्णताही बाहेर पडत नाही आणि गाभ्यात अभिसरण होत नाही.

येथे आपल्या विषयातील दोन धागे एकत्र येतात. वरचे संथ अभिसरण खालच्या वेगवान अभिसरणाला मोकळीक देते. ज्या हालचालीने आपली भूमी दक्षिणेकडून येथवर आणली, तीच हालचाल पृथ्वीच्या गाभ्याला थंड होऊ देऊन तिचे चुंबकत्व जिवंत ठेवण्यास हातभार लावते.

गुरूच्या पोटात लोखंडाचे काम दाबाने धातुरूप झालेला हायड्रोजन करतो आणि त्याचे क्षेत्र सर्व ग्रहांत प्रबळ आहे. व्हॉयेजर २ या यानाला १९८६ मध्ये युरेनसचा चुंबकीय अक्ष त्याच्या फिरण्याच्या अक्षापासून ५९ अंश कललेला आढळला, आणि १९८९ मध्ये नेपच्यूनचा ४७ अंश. गुरूचा उपग्रह गॅनिमिड यालाही स्वतःचे क्षेत्र असल्याचे गॅलिलिओ यानाने १९९६ मध्ये दाखविले. द्रव्य वेगळे, आकार वेगळे. पण विद्युतवाहक द्रव, त्याचे अभिसरण आणि परिवलन या तीन गोष्टी सर्वत्र लागतात.

कुलाबा आणि अलिबाग

गाभ्यातील प्रवाह आजही चालू आहेत, त्यामुळे क्षेत्र आजही बदलते आहे. हा बदल टिपण्यासाठी दीर्घ काळ, एका ठिकाणी, नेमाने मोजमाप करावे लागते. महाराष्ट्राला याची मोठी परंपरा आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणे होत होती. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार हे ठरले. विजेच्या प्रवाहाने निरीक्षणे बिघडणार होती. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलविले गेले. दोन्ही ठिकाणची मोजमापे जुळवून घेता यावीत म्हणून १९०६ पर्यंत ती जोडीने घेण्यात आली. अलिबागच्या इमारतीसाठी जवळपास मुबलक मिळणारा काळा दगड वापरला नाही. चुंबकत्व नसलेला पोरबंदरचा दगड आणला गेला. ज्या गुणाचे वर्णन आपण वर केले, त्या गुणामुळेच काळा दगड तेथे अपात्र ठरला. १९७१ मध्ये स्थापन झालेली भारतीय भूचुंबकत्व संस्था आज हे काम पाहते. कुलाबा आणि अलिबाग मिळून १८० वर्षांहून अधिक काळाची ही अखंड नोंद जगातील मोजक्या दीर्घ नोंदींत गणली जाते.

या नोंदीतील रोजचे चढउतार आणि वादळी धक्के बाहेरून, सूर्याच्या प्रभावाने येतात. वर्षानुवर्षांचा संथ बदल मात्र गाभ्यातून येतो. जगभरच्या अशा नोंदींवरून दिसते, की १८४० पासून आजवर पृथ्वीचे मुख्य क्षेत्र सुमारे नऊ-दहा टक्क्यांनी कमी झाले आहे. यावरून उलथापालथ जवळ आली असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. असे चढउतार पूर्वीही झाले आहेत. मात्र सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण आपल्यापासून दूर वळविणारे हे क्षेत्र असल्याने त्यावर लक्ष ठेवणे अगत्याचे आहे.

समारोप

कला शाखेच्या विद्यार्थ्याला या सर्वांचे काय, असा प्रश्न साहजिक आहे. इतिहासाचा विद्यार्थी ताम्रपट वाचतो तेव्हा तो लिपी, काळ आणि ठिकाण पाहतो. एकाच ताम्रपटावर विसंबत नाही. दुसऱ्या पुराव्याशी ताळा करतो. दगडातील दिशा वाचणारा संशोधकही हेच करतो. पुरावा तपासण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे. आपल्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागाने जिल्ह्यातील दगडखाणी, शिबल्याचे खांब आणि वणीजवळील पठाराची कड अशी एक अभ्याससहल काढावी, आणि बरोबर एक साधे होकायंत्र व एक चुंबक न्यावा, अशी माझी नम्र सूचना आहे. ओढ्याच्या वाळूतील काळे कण चुंबकाला चिकटलेले पाहिल्यावर या लेखातील निम्म्याहून अधिक गोष्टी शब्दांशिवाय समजतील.

रस्त्याच्या कामात असे दगडी खांब पुन्हा कोठे उघडे पडले, तर ते फोडून गिट्टी करण्यापूर्वी जाणकारांना कळवावे, एवढी जबाबदारी आपल्यापैकी प्रत्येकाला घेता येईल. दगड आपल्या जागेवर, आपल्या मूळ स्थितीत असेल तोवरच त्यातील दिशेला अर्थ असतो. जागेवरून हलविलेला दगड बांधकामाच्या उपयोगी पडतो. साक्ष मात्र तो देऊ शकत नाही.